लिन थ्रो करत नाही

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक कपाट आहे. त्यात बिनझाकणाचे डबे आणि बिनडब्यांची झाकणं वर्षानुवर्षं साठत जातात. कोणी आणून ठेवली ते आठवत नाही, कोणी घरी नेत नाही, आणि टाकून द्यायची म्हटलं तर प्रत्येकाला वाटतं, असू दे, लागेल कधीतरी! लिनच्या किश्श्यांचं तसंच झालंय. चहाचे कप घेऊन दोघं जण उभे राहिले की एक तरी बाहेर पडतोच. परवा नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, "हा लिन नक्की कोण?" तेव्हा लक्षात आलं, की हे सगळं एकदा ओळीने सांगून टाकायला हवं.

तर आधी माणसं. मी सामंत, परचेसला. रविकिरण कांबळे, मूळ नागपूरचा, टेस्ट इंजिनिअरिंगचा मॅनेजर आणि आमच्या रविवारच्या क्रिकेट टीमचा कायमचा कॅप्टन. कायमचा अशासाठी, की कोण होणार असं त्याने कधी कोणाला विचारलंच नाही. आणि लिन. तैवानचा, पस्तिशीचा, दारातून जाताना किंचित वाकणारा उंच माणूस, क्वालिटी कंट्रोलला. तो आल्यावर पहिले सहा महिने त्याच्याबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं, की तो एखादी वस्तू नापास करताना 'सॉरी' म्हणतो. वस्तूला!

*

एके दिवशी लंचनंतर कांबळे माझ्या टेबलाशी आला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. जुना व्हिडिओ होता. अठराएक वर्षांचा लंबूटांग पोरगा गुडघा छातीपर्यंत उचलतो आणि बॉल फेकतो. समोरचा बॅट फिरवतो तेव्हा बॉल मागच्या माणसाच्या ग्लोव्हमध्ये पोचलेलाही असतो. कॉमेंटेटर चिनी भाषेत किंचाळत होता.

"कोण आहे हा?"

"आपला लिन! बेसबॉलचा पिचर. अमेरिकेच्या क्लबने साइन केला होता बे त्याला. पेपरात फोटो, गावात बॅनर. पुढचा मोठा स्टार म्हणत होते सगळे!"

"मग इथे सिंगापूरला, आपल्या आंग मो किओच्या ऑफिसात काय करतोय?"

"ते सोड. स्पीड पाहा." माइल्सचे किलोमीटर त्याने माझ्याच व्हाइटबोर्डवर करून दाखवले आणि आकड्याखाली दोन रेघा मारल्या. "आपल्या क्यूसीत फास्ट बोलर बसला आहे, आणि आपण सामंतकडून ओपनिंग बोलिंग करून घेतो!"

सामंत समोरच बसलेला होता, याचं त्याला काही नव्हतं.

आम्ही दोघं लिनकडे गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "येईन. पळेन, कॅच घेईन, पाणी आणीन. पण मी थ्रो करत नाही."

"अरे, मग तर उत्तमच!" कांबळे म्हणाला. "क्रिकेटमध्ये बोलरने थ्रो केलेला चालतच नाही!"

*

पहिल्या रविवारी नेट्समध्ये कळलं, की लिनचा उजवा हात कोपरात सरळ होतच नाही. दोन ऑपरेशनं झालेली. कोपराच्या आतल्या बाजूला एक लांब पांढरट व्रण, खांद्यावर आणखी दोन लहान.

आता ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी: वाकवलेलं कोपर बॉल टाकताना झटक्यात सरळ केलं, तर तो नो-बॉल. दुसऱ्या कोणी त्या हाताकडे बघून विषय सोडून दिला असता. कांबळे इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "ज्याचा हात सरळ होतच नाही, तो सरळ करण्याचा गुन्हा करूच शकत नाही. शंभर टक्के लीगल!"

सोमवारी त्याने लॅबमधलं कोन मोजायचं डिजिटल यंत्र आणून लिनच्या कोपराला लावलं. तीन वेळा मोजलं, सरासरी काढली, ड्रॉइंग केलं. लिनने कामात कधी कुचराई केलेली नाही. आमच्याकडे नापास झालेल्या पार्टला क्यूसीवाले लाल टॅग लावतात, आणि त्यावर तीन पर्याय असतात: जसा आहे तसा वापरा, रीवर्क करा, स्क्रॅप करा. लिनने स्वतःच एक टॅग भरला. 'पार्ट: उजवा हात. अपेक्षित: सरळ. प्रत्यक्ष: वाकडा. यापूर्वी रीवर्क: दोनदा.' आणि 'जसा आहे तसा वापरा'वर टिक करून खाली सही केली.

आम्ही पोट धरून हसलो. कांबळेने हसत हसतच विचारलं, "आणि परत बिघडला तर?"

"तिसऱ्यांदा रीवर्क होत नाही. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय. जोरात एक जरी फेकला आणि आतलं तुटलं, तर चहाचा कपसुद्धा उचलता यायचा नाही."

मग कांबळे म्हणाला, "स्लो टाक."

*

आमच्या मॅचेसना अंपायर म्हणून राजरत्नम अंकल येतात. रिटायर्ड शाळामास्तर, कडक इस्त्रीची पांढरी टोपी, आणि मुलाबाळांनाही कधी पास केलं असेल का अशी शंका यावी असा चेहरा.

लिनने पहिला बॉल टाकला. एवढा हळू, की बॅट्समनला दोनदा विचार बदलायला वेळ मिळाला. अंकलनी हात आडवा केला. "नो-बॉल."

कांबळे याच क्षणासाठी जगत होता. त्याने ट्रॅक पॅन्टच्या खिशातून एक कागद काढला. ड्रॉइंग, तीन मापं, सरासरी, निष्कर्ष, सह्या. लॅमिनेट केलेला! अंकलनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागे उलटून पाहिला. दोन्ही टीम उन्हात उभ्या होत्या.

"व्हेरी नाइस प्रिंटिंग," अंकल म्हणाले, आणि वाक्याला सिंगापुरी इंग्रजीचं शेपूट लावत निकाल दिला. "स्टिल नो-बॉल, लाह."

ओपनिंग स्पेल पुन्हा माझ्याकडे आला. मला वाईट वाटल्याचं मी चेहऱ्यावर दाखवलं. आतून मला बरं वाटलं, हे कबूल केलेलं बरं.

*

मग लिन बाउंड्रीवर उभा राहू लागला. आणि तिथे मात्र आम्हाला कळलं, की खरा खेळाडू म्हणजे काय असतं. बॉल बॅटला लागायच्या आधी हा पळायला सुरुवात करायचा. आमच्यापैकी कोणी कॅच घेतला की आम्ही चार दिवस बोलतो. हा घ्यायचा आणि बॉल पुसून परत द्यायचा.

फक्त परत देण्याचीच पद्धत वेगळी होती. जमिनीवरून आलेला बॉल तो अडवायचा, आणि मग तो घेऊन पळत पळत पिचपर्यंत यायचा आणि कांबळेच्या हातात ठेवायचा. तोवर समोरचे तीन रन काढून, पाणी पिऊन, गप्पा मारत उभे! आमच्या विरुद्धच्या एका टीमने त्याचं नाव 'कुरिअर' ठेवलं. एकदा तर त्यांचा बॅट्समन पिचच्या मध्यावर थांबून ओरडला, "सही कुठे करायची?"

कांबळे भडकला. लिन नाही. तो म्हणाला, "वेळेत नाही पोचत, पण पॅकिंग चांगलं असतं ना?"

*

एकदा अमेरिकेहून कस्टमरचा ऑडिटर आला. गोरापान, धिप्पाड, कामात अत्यंत कडक. सकाळी दहापर्यंत त्याने क्यूसीला घाम फोडला होता. सव्वादहाला लिनच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून तो थांबला. परत वाचलं. मग म्हणाला, "तो लिन तूच का?"

झालं! हा माणूस लहानपणापासून बेसबॉलवेडा. होतकरू खेळाडूंची फोटोकार्डं जमवायचा. लिनचं कार्ड त्याच्याकडे अजून होतं. "आम्ही तुझी वाट बघत होतो," तो म्हणाला. "दर सीझनला म्हणायचो, पुढच्या वर्षी येईल. दुखापत, पुढच्या वर्षी. ऑपरेशन, पुढच्या वर्षी. तू माझं मन मोडलंस, यार!"

"हो," लिन म्हणाला. "थोडंसं माझंही."

दुपारी आम्ही ऑडिटरला हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सार्वजनिक आवारात, जेवायला नेलं. साडेबाराची गर्दी, त्यामुळे आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली आणि मग जेवण आणायला निघालो. सिंगापूरमध्ये त्या पाकिटाला सरकारी शिक्क्याइतका मान आहे. वाटेत ऑडिटरला सही मागायची आठवण झाली. कागद कोणाकडेच नव्हता. तो उलट्या पावली गेला, टेबलावरचं टिश्यूचं पाकीट उचललं, त्यावर लिनची सही घेतली आणि जपून खिशात ठेवलं.

आम्ही चिकन राइसच्या प्लेटी घेऊन आलो तेव्हा त्या टेबलावर चार आंटी सूप पीत होत्या. आम्ही उभ्याने जेवलो. ऑडिट रिपोर्टमध्ये मात्र एकही शेरा आला नाही.

*

वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला कांबळेच्या बिशानच्या घरी सकाळी वंदना असते. नंतर खीर. त्या वर्षी खीर खाऊन आम्ही सगळे सहकुटुंब पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. दोन तास चढउतार करून जेटीजवळ नारळपाणी पीत बसलो होतो, तेव्हा मी सहज म्हणालो, "लिन, जिथे पडून तुझा हात गेला ते वळण इथलंच का रे?"

"कुठलं वळण?" कांबळे म्हणाला. "त्याचा हात वॉशिंग मशीन उचलताना गेला."

"छे! त्यानेच मला सांगितलंय. शाळेच्या सहलीला आला असताना उबीनला सायकलवरून पडला."

माझी मुलगी इरा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, क्रोकोडाइल लाह. लिन अंकल टोल्ड मी."

आम्ही तिघांनी लिनकडे पाहिलं. त्याने स्ट्रॉ बाजूला केला. "ऑल ट्रू," तो म्हणाला, आणि पुन्हा नारळपाणी प्यायला लागला.

परतताना बमबोटीत, म्हणजे तिथल्या लाकडी मोटरबोटीत, मी आणि लिन कडेला बसलो होतो. इंजिनाच्या आवाजात लिन आपणहून बोलायला लागला. अठराव्या वर्षी अमेरिकेला गेला. दुसऱ्या सीझनला कोपर. मग खांदा. मग परत कोपर. सहा वर्षांत खेळला किती, तर बोटांवर मोजण्याइतक्या मॅचेस. शेवटी एका सकाळी मॅनेजरने खोलीत बोलावलं, दार लावलं, तीन मिनिटांत बाहेर. तो विमानाने घरी आला. वडील एअरपोर्टवर आले होते. लहानपणापासून रोज अंगणात त्याच्यासमोर बसून त्याचे बॉल पकडणारे वडील. त्यांनी बॅग हातात घेतली आणि वाटेत ट्रॅफिक फार झालंय म्हणाले.

"त्या दिवसापासून बेसबॉलबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोललेलो नाही. दर रविवारी त्यांना फोन करतो. ते मला हवामान सांगतात. आमच्या गावच्या पावसाचा अंदाज मी वेधशाळेपेक्षा बरा सांगू शकेन."

"मग तूच का विचारत नाहीस?"

"मी विचारलं, तर ते उत्तर देतील," लिन म्हणाला.

मला तेव्हा ते कळलं नाही. हात कसा गेला ते मात्र त्याने त्या दिवशीही सांगितलं नाही.

*

गेल्या वर्षी लिनचे वडील पंधरा दिवसांसाठी सिंगापूरला आले. रविवारी लिन त्यांना मॅचला घेऊन आला. म्हणाला, "त्यांना क्रिकेटमध्ये रस नाही. पण रविवारी घरात बसून काय करायचं ते त्यांना कळत नाही."

सत्तरीचा, वाळलेला, ताठ माणूस. हातात एक प्लास्टिकची पिशवी. आल्याबरोबर त्यांनी सगळ्यांना अननसाचे केक वाटले. कांबळेने उलट त्यांच्यापुढे तर्री-पोहे ठेवले. म्हाताऱ्यांनी डोळ्यांतून पाणी काढत प्लेट पुसून खाल्ली आणि पाण्याच्या तीन बाटल्या संपवल्या. कांबळे दिवसभर त्यांना 'बाबूजी' म्हणत होता.

मी शून्यावर आउट होऊन आलो होतो, त्यामुळे त्यांच्याशेजारी बसायला मला भरपूर वेळ होता. त्यांना इंग्रजी येत नाही. मध्ये लिनची बायको, शूफेन. ती बिशानला पियानो शिकवते. त्यांनी विचारायचं, तिने मला इंग्रजीत सांगायचं. पळून पुन्हा त्याच जागी का येतात? जेवायला कधी थांबतात? मी माझ्या परीने उत्तरं देत होतो.

आमची फील्डिंग सुरू झाली. लांबवर लिनने एक बॉल अडवला आणि तो हातात घेऊन पळत निघाला. म्हातारे ते शेवटपर्यंत बघत होते. मग त्यांनी शूफेनला काही विचारलं.

"विचारतायत, हात कशाने गेला म्हणून लिनने तुम्हाला काय सांगितलं?"

मी सगळं सांगून टाकलं. उबीनची सायकल, वॉशिंग मशीन, मगर. शूफेन हसत हसत सांगत होती. "मला तर म्हणाला, लिगामेंट जन्मापासूनच नाजूक होतं," ती मला म्हणाली, आणि तेही तिने त्यांना सांगितलं.

ते हसले नाहीत. मैदानाकडे बघतच बोलायला लागले. शूफेन वाक्यामागून वाक्य सांगत गेली. "म्हणतात, तो सतरा वर्षांचा होता. पुढच्या आठवड्यात अमेरिकेचे लोक बघायला येणार होते. अंगणात रोज शंभर बॉल. हे समोर बसून पकडायचे. त्या दिवशी नव्वद झाल्यावर तो म्हणाला, कोपर दुखतंय."

तिने त्यांना काहीतरी परत विचारलं. त्यांनी मान हलवली.

"हे म्हणाले, अजून दहा. दहा झाले. मग म्हणाले, अजून दहा."

मग ती म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं." ते ती कोणाला म्हणाली कोणास ठाऊक, मला की स्वतःलाच. मला फार वाईट वाटलं. मी चिवड्याचा डबा पुढे केला. म्हाताऱ्यांनी चिमूटभर घेतला आणि थँक यू म्हणाले.

मॅच आम्ही हरलो. ते नेहमीचंच. लिन घाम पुसत आला तेव्हा शूफेन त्याच्याशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलली. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी खुर्चीखालची पिशवी उचलली. तिच्यातून चामड्याचा एक मोठा, जाड ग्लोव्ह काढला. तळवा झिजून काळा पडलेला. काही न बोलता ते समोरच्या मोकळ्या गवतावर गेले, पावलांनी अंतर मोजलं, गुडघ्यावर हात टेकत उकिडवे बसले आणि ग्लोव्ह समोर धरला.

कांबळे माझा दंड धरून कुजबुजला, "अरे, थांबव ना त्याला! हात जाईल बे त्याचा!" आणि स्वतः जागचा हलला नाही.

लिनने बॉल उजव्या हातात धरला होता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने बॉल डाव्या हातात घेतला.

पहिला बॉल लहान मुलाने टाकावा तसा गेला, पार बाजूच्या गटारात. आम्ही दोघंतिघं धावलो, तर म्हाताऱ्यांनी हात वर करून अडवलं. स्वतः उठले, गटारात उतरून बॉल काढला, पॅन्टला पुसला, लिनकडे टाकला आणि परत जाऊन बसले. दुसरा तीन टप्पे खाऊन पोचला. तिसरा डोक्यावरून. प्रत्येक वेळी ते उठत होते, आणत होते, पुन्हा बसत होते. बॅगा भरायच्या राहिल्या होत्या, कोणी भरत नव्हतं.

आठवा की नववा असेल. बॉल सरळ गेला, टप्पा न पडता, आणि ग्लोव्हमध्ये खणखणीत आवाज झाला. लिनला दात दिसेपर्यंत हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याने एक बोट वर करून वडिलांना ओरडून काही सांगितलं.

वडील उठून उभे राहिले होते. त्यांनी ग्लोव्ह काढला आणि पिशवीत ठेवला. मान हलवत काहीतरी म्हणाले.

मी शूफेनकडे पाहिलं.

"तो म्हणतोय, अजून एक," ती म्हणाली. "हे म्हणतायत, नको. आज एवढं पुरे. हात दुखेल."